एक अरोबा कापूस

(बार्शीटाकळी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युरोपातल्या लोकांनी अमेरिका खंडात वसाहती कशा केल्या, हा आजचा विषय. पत्रिका छापून झाल्यावर काही मंडळींनी विचारलं की साहेब, विषय चांगला आहे, पण आपल्या गावाशी त्याचा काय संबंध? आपल्याकडं कोलंबस शाळेच्या पुस्तकात एका धड्यापुरता येतो. तीन जहाजं, कंटाळलेले खलाशी, मग जमीन दिसते, आणि धडा संपतो. जमीन दिसल्यावर पुढं काय झालं ते पुस्तकात फारसं नसतं. मला आज तिथून पुढं बोलायचं आहे, आणि तेही कापसाच्या बाजूनं. कारण त्या गोष्टीत कापूस पहिल्या दिवसापासून आहे.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामा बेटांपैकी एका बेटावर उतरला. तिथल्या लोकांचं त्या बेटाचं नाव ग्वानाहानी. एका अखंड खोडाच्या होड्या वल्हवत माणसं जहाजाजवळ आली. त्यांनी देवघेवीसाठी काय आणलं होतं, याची नोंद कोलंबसाच्या रोजनिशीत आहे : पोपट, भाले आणि सुताची गुंडाळी. कातलेलं सूत, कापसाचं. कोलंबसाच्या माणसांनी अमेरिकेत केलेल्या पहिल्याच व्यवहारात एका बाजूला काचेचे मणी होते आणि दुसऱ्या बाजूला सूत.

महिनाभरातच तो क्यूबाला पोचला. आपण आशियात आलो आहोत अशी त्याची ठाम समजूत होती. २ नोव्हेंबरला त्यानं दोन माणसं आत पाठवली. एक रॉड्रिगो दे खेरेस आणि दुसरा लुईस दे तोरेस. तोरेसला हिब्रू येत होती, थोडी अरबीही येत होती. पूर्वेकडच्या सम्राटाच्या दरबारात बोलायला दुभाषा हवा, म्हणून त्याला निवडलं होतं. दोघं चालत गेले आणि पन्नास घरांच्या एका गावात पोचले. सम्राट नव्हता, दरबार नव्हता. गावकऱ्यांनी त्यांना मानानं बसवलं, खाऊ घातलं. वाटेत त्यांना हातात जळती पानं धरून धूर ओढणारे लोक दिसले. युरोपीय माणसानं तंबाखूची पाहिलेली ही पहिली ओढ. आणि परत येऊन त्यांनी सांगितलं की एकाच घरात आम्ही पाचशे अरोबांहून जास्त कापूस पाहिला.

अरोबा हे स्पेनमधलं जुनं वजन, साधारण साडेअकरा किलोचं. पाचशे अरोबा म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न क्विंटल. घरात कापूस भरून ठेवलेला तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. भाव येईल म्हणून खोलीच्या आढ्यापर्यंत लावलेला ढीग, त्यात उड्या मारणारी पोरं, आणि अंगाला सुटलेली खाज. क्यूबातल्या त्या घराचं चित्र या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की त्या कापसाला गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्या झोळ्या व्हायच्या, मासे धरायची जाळी व्हायची, कमरेला गुंडाळायचं लहानसं वस्त्र व्हायचं. कोलंबसानं मात्र ते ऐकल्याबरोबर हिशेब मांडला की या मुलखातून वर्षाला चार हजार क्विंटल निघेल. झाड कुणाचं, सूत कुणी कातलं, हे प्रश्न त्या हिशेबात नव्हते.

हे मी दोष देण्यासाठी सांगत नाही. व्यापारी माणूस असा हिशेब करतोच. पण पुढं तीन वर्षांत त्या हिशेबाचा जो कर झाला, तो आपण नीट पाहिला पाहिजे.

कोलंबस १४९३ मध्ये दुसऱ्यांदा निघाला तेव्हा तीन जहाजांची सतरा झाली होती आणि बाराशेच्या वर माणसं होती. आता मुक्काम करायचा होता. हिस्पॅनिओला म्हणजे आज ज्या बेटावर हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक हे दोन देश आहेत, तिथं वसाहत झाली. तिथले मूळ लोक ताइनो. शेती करणारे लोक. मातीचे उंच गोल ढीग करून त्यात कसावा लावायचे, रताळी, मका, भुईमूग, मिरची पिकवायचे. स्पॅनिश लोकांना सोनं हवं होतं, आणि सोनं फार नव्हतं. तेव्हा १४९५ मध्ये फर्मान निघालं : चौदा वर्षांवरच्या प्रत्येक ताइनोनं दर तीन महिन्यांनी एक घुंगरू भरून सोन्याची कणी द्यायची. आणि ज्यांच्या भागात सोनं सापडत नाही त्यांनी माणशी एक अरोबा कापूस द्यायचा. ज्यानं भरणा केला त्याला धातूचा बिल्ला मिळे. तो गळ्यात घालायचा. गळ्यात बिल्ला नसलेला माणूस सापडला तर शिक्षा.

माणशी साडेअकरा किलो, दर तीन महिन्यांनी. घरात चार माणसं असली तर वर्षाला जवळपास एक क्विंटल ऐंशी किलो. हा आकडा आज आपल्याला मोठा वाटणार नाही. पण ती विकण्यासाठी लावलेली पऱ्हाटी नव्हती. परसात, वावराच्या कडेला वाढलेली झाडं होती. त्यावर घराची गरज भागत होती. त्यातून एवढा कापूस काढायचा तर कसावाची लागवड सोडून कापसाच्या मागं लागावं लागणार, आणि कसावा सोडला तर खायचं काय? अमेरिकेच्या वसाहतीच्या सगळ्या इतिहासात मला ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. खायच्या पिकातून माणसाचे हात काढून दुसऱ्याच्या मागणीच्या पिकाला जुंपायचे, आणि ते जुंपण्यासाठी कराचा दोर वापरायचा. तलवारी आणि घोडे यांचं वर्णन पुस्तकात भरपूर आहे. पण मला वाटतं, त्या बेटावर खरं राज्य या बिल्ल्यानं केलं.

या जागी एका माणसाचं नाव घेतो. ग्वारिओनेक्स. हिस्पॅनिओलाच्या मधोमध एक मोठं सुपीक खोरं आहे, तिथला तो प्रमुख. आपल्या लोकांना सोनं गाळता येत नाही, हे त्यानं कोलंबसाला सांगितलं आणि एक प्रस्ताव ठेवला. सोनं मागू नका. मी तुमच्यासाठी बेटाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत शेत पेरून देतो. साऱ्या कॅस्टिल देशाला दहा वर्षं पुरेल एवढं अन्न त्यातून निघेल. बार्तोलोमे दे लास कासस या पाद्र्यानं ही गोष्ट लिहून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. शेतकऱ्याचा इतका समंजस प्रस्ताव इतिहासात क्वचित सापडेल. तो नाकारला गेला. पुढं ताइनोंनी पेरणीच सोडली, शेतं टाकून ते डोंगरात निघून गेले. पाहुणे उपाशी राहिले तर निघून जातील, ही आशा. पाहुणे गेले नाहीत. उपासमारीनं आधी मूळचे लोक मेले. ग्वारिओनेक्सला बेड्या घालून १५०२ मध्ये स्पेनला पाठवलं, आणि वाटेत वादळात जहाज बुडालं, त्यात तो गेला.

ताइनोंची मूळ संख्या किती होती यावर विद्वानांत मोठा वाद आहे. काही जण लाखांत सांगतात, काही त्याहून कितीतरी जास्त. पण १५१४ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्यांनीच मोजणी केली तेव्हा बेटावर २६ हजारांच्या आसपास ताइनो उरले होते. देवीची मोठी साथ तिथं १५१८ मध्ये आली. म्हणजे सगळा दोष रोगावर टाकून हात झटकता येत नाहीत. साथीच्या आधीच खाण, कर आणि उपासमार यांनी काम केलं होतं. १५११ च्या डिसेंबरात त्याच बेटावरच्या सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूनं उभं राहून आपल्याच लोकांना विचारलं की ही माणसं नाहीत का? तो प्रश्न मनाला लागून लास काससनं तीन वर्षांनी आपल्या वाट्याला आलेले वेठबिगार सोडून दिले आणि उरलेलं आयुष्य त्यांची बाजू मांडण्यात घालवलं. त्याच्याच एका सल्ल्यात आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना होती, आणि तिचा पश्चात्ताप त्यानं स्वतः लिहून ठेवला आहे. एवढा मोठा माणूस, पण एका जातीची सुटका करताना दुसऱ्या जातीच्या गळ्यात दोर पडतो हे त्याला उशिरा दिसलं.

मेक्सिको आणि पेरूच्या साम्राज्यांचा पाडाव मी इथं विस्तारानं सांगत नाही. मेक्सिकोतलं तेनोच्तित्लान १५२१ मध्ये पडलं, पेरूचा राजा अताहुआल्पा १५३२ मध्ये पकडला गेला. तिथल्या राजांनीही आपल्या अंकित प्रदेशांकडून कापडाची खंडणी घेतली होती, हेही सांगितलं पाहिजे. मूळचं सगळं गोकुळ होतं असं मला म्हणायचं नाही. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. वेठीला धरलेल्या माणसांनी काढलेली ती चांदी युरोपातून फिरून हिंदुस्थानात येत राहिली, कारण आपलं कापड आणि मसाले विकत घ्यायला युरोपाकडं दुसरं काही नव्हतं. त्या काळी आपल्याकडं चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्याच. अकबरानं १५९६ च्या सुमारास वऱ्हाड घेतला. त्यानंतर मुघल टाकसाळीत जे रुपये पडले आणि ज्यांत सारा मोजला गेला, त्या चांदीचा मोठा भाग त्या डोंगरातून आलेला होता.

इंग्रज उशिरा आले. व्हर्जिनियात जेम्सटाउनची वसाहत १६०७ ची. १६०९-१० च्या हिवाळ्यात तिथल्या सुमारे पाचशे माणसांतली साठच जगली, आणि त्याआधी ती तगली होती ती मूळच्या लोकांच्या मक्यावर. पुढं १६१२ पासून लावलेल्या तंबाखूनं त्यांना पैसा दिला. लक्षात घ्या, जेम्सटाउनमध्ये पहिली झोपडी उभी राहिली त्याच्या आधीच तंबाखू विजापूरच्या दरबारात पोचली होती. अकबराचा वकील असद बेग तिथूनच ती बादशहाकडं घेऊन गेला. पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून होते, आणि त्यांचा काब्राल १५०० मध्ये हिंदुस्थानकडं येता येता ब्राझीलला लागून मग कालिकतला आला होता. एकाच फेरीत ब्राझील आणि मलबार. आपल्याकडं जे जे अमेरिकेतून आलं त्याचा पहिला रस्ता हाच.

१६१९ मध्ये व्हर्जिनियाला पहिले आफ्रिकन आणले गेले. त्याच्या आधीपासून सुरू असलेल्या गुलामांच्या व्यापाराच्या साडेतीन शतकांत अटलांटिकपार नेण्यासाठी सव्वा कोटीच्या आसपास माणसं जहाजांत कोंबली गेली. सुमारे अठरा लाख वाटेतच मेली. या व्यापारात आपलाही धागा आहे, आणि तो अभिमानाचा नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेताना जो माल मोजून दिला जाई, त्यात गुजरात आणि कोरोमंडलच्या कापडाला फार मागणी होती. विणकराला ते माहीत नव्हतं. त्याच्या मागावरून उतरलेलं कापड एखाद्या माणसाची किंमत म्हणून मोजलं जातं आहे, हे त्याला कोण सांगणार?

आता कापसाकडं परत येतो. १७९३ मध्ये एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र केलं आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस वणव्यासारखा पसरला. त्यासाठी जमीन लागली. ती चोक्टॉ, क्रीक, चिकासॉ, चेरोकी या जमातींकडून काढून घेतली गेली. १८३० मध्ये त्यासाठी कायदाच झाला आणि हजारो कुटुंबांना मिसिसिपीपलीकडं चालवत नेलं. त्यासाठी हात लागले. १७९० मध्ये त्या देशात सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये चाळीस लाखांच्या जवळ. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी पाचात चार हिस्से तिथून येऊ लागले. १८६१ मध्ये तिथं यादवी युद्ध पेटलं, बंदरं अडली, आणि लँकशायरच्या मालकांनी जगाच्या नकाशावर दुसरी काळी जमीन शोधायला सुरुवात केली.

ती जमीन ही.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडं आला होता, फौजेच्या खर्चाच्या कर्जापोटी. इथला कापूस त्याआधीही बाहेर जात होता. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून तो पार गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत. युद्धाच्या चार वर्षांत भाव असे चढले की तसे पुन्हा कुणी पाहिले नाहीत. लिव्हरपूलच्या बाजारात आपला कापूस अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. आगगाडी नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे सोन्याचे दिवस सरल्यावर. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले, आगगाडीच्या फाट्याचं उद्घाटन झालं. भाव उतरला तरी कापसाखालची जमीन वाढतच गेली, कारण सारा रोखीत भरायचा होता आणि सावकाराचं देणंही रोखीत होतं. कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनी तर लिहूनच ठेवलं की आगगाडीनं विलायती कापड इथं स्वस्त येईल, मग विणकर माग सोडतील आणि शेतीला मजूर मिळतील. तसंच झालं. १८९९-१९०० च्या दुष्काळात गाड्या धान्य आणू शकत होत्या. विकत घ्यायला लोकांच्या हातात काही नव्हतं. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. इथल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते असावं.

यावर कुणी म्हणेल की म्हणजे आपलं आणि ताइनोंचं एकच झालं. नाही. इतिहासात असं सरसकट बोलून चालत नाही. आपल्याकडं गोरे वसाहत करून राहिले नाहीत. आपली जमीन आपल्या नावावर राहिली. देवीची साथ आपल्याला नवी नव्हती, म्हणून आपण संपलो नाही. आपली भाषा, आपली दैवतं, आपले सातबारे उरले. बिल्ला आणि सारा या दोन्हींतली रीत मात्र एक आहे : खाणाऱ्याला विकणारा करायचं आणि भाव दुसरीकडं ठरवायचा. ही रीत पहिल्यांदा कुठं वापरली गेली, तिनं काय केलं, हे कापूस पिकवणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं. हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजू ऋणाची आहे, आणि तिच्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही.

आपल्या गावातलं हेमाडपंती देऊळ पाहा. तिथला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे कोलंबसाच्या तीनशे वर्षं आधीचा. ते देऊळ घडवणाऱ्या पाथरवटानं भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाल्ला नव्हता. त्याच्या तोंडाला तिखट लागत होतं ते मिऱ्याचं आणि पिंपळीचं. शेंगदाण्याचा कूट, बटाटा, टमाटे, मका, पपई यांतलं काहीही त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या एकादशीच्या ताटाचा विचार करा. साबुदाणा कसावाच्या कंदाचा, तोच ताइनोंचा कसावा. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे, रताळी आणि बटाटे तिकडचेच, हिरवी मिरची मेक्सिकोची. राजगिराही तिकडचा. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून सणाला त्यांचा प्रसाद वाटत. स्पॅनिश धर्मगुरूंना ते खपलं नाही, आणि त्या धान्याची लागवड तिथं मागं पडली. आपल्याकडं त्याचा लाडू विठोबाच्या उपासाला चालतो. हे अन्न ज्यांनी हजारो वर्षं निवडून निवडून घडवलं, त्या लोकांची नावं आपल्या एकाही ताटाबरोबर घेतली जात नाहीत.

आणि पऱ्हाटी. आपला मूळचा देशी कापूस वेगळा : आखूड धाग्याचा, कमी पाण्यात टिकणारा. आज वावरात आहे तो अमेरिकन कापूस. मेक्सिकोच्या युकातान भागात मूळच्या लोकांनी जंगली झुडपातून तो घडवला. कंपनी सरकारनं १८४० मध्ये अमेरिकेतून दहा मळेवाले आणून तो इथं रुजवायचा प्रयत्न केला, पण धारवाडकडचा भाग सोडला तर फारसं जमलं नाही. देशी आणि अमेरिकन यांचं सहजासहजी जुळत नाही. एकाच्या पेशीत गुणसूत्रं २६, दुसऱ्याच्या ५२. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक कापूस देशी होता. १९७० मध्ये सुरतला सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकर काढला, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, आणि आता जवळपास सगळी काळी जमीन अमेरिकन वंशाखाली आहे. देशी वाण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं जपले आणि सुधारले, एकेए नावाखाली ते मिळतात, पण वावरात क्वचित दिसतात. माझं मत स्पष्ट आहे : कोरडवाहू हलक्या जमिनीत त्यांना पुन्हा जागा मिळाली पाहिजे.

आपल्या बाया पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात. वावरात दगडाचे देव मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा, आणि मग पहिल्या बोंडाला हात लावायचा. ही पूजा आता ज्या झाडाची होते ते युकातानचं आहे. मला यात काही विसंगत वाटत नाही. परक्या झाडाला आपण घरचं केलं, हे चांगलंच झालं. त्याला घडवणाऱ्या माणसांनाही आपल्या आठवणीत जागा द्यावी, एवढंच मागणं.

ज्योतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. ते युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. आपल्या व्यापाऱ्यांना त्या युद्धात कापसाचा भाव दिसला होता, पुण्यातल्या या माणसाला माणसं सुटलेली दिसली. दूरच्या देशाचा इतिहास कसा वाचावा, याचा याहून चांगला धडा मराठीत मला माहीत नाही.

इथं शिक्षक बरेच आले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की सुट्टीनंतर कोलंबसाचा धडा येईल तेव्हा मुलांना ग्वारिओनेक्सचं नाव सांगा, आणि तराजूवर साडेअकरा किलो कापूस मोजून दाखवा. आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातल्या कापसाच्या पावत्या, अडत्याची खाती, सावकाराचे कागद, जिनातले रोजमेळ पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. अकोला तीस किलोमीटरच्या आत आहे. तिथल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात ते नेऊन द्या, निदान त्यांची छायाचित्रं काढून ठेवा. ताइनोंच्या हातचा एकही हिशेब उरलेला नाही. आपले उरलेले आहेत, पण घरोघरी वाळवी लागते आहे.